आयत्या वेळचा विषय

उनाइसीला कामगारांची प्रतिनिधी म्हणून निवडलं ते तिच्या तोंडासाठी. यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या बेटावरच्या मासळीच्या कारखान्यात मासे साफ करायच्या सहा टेबलांवर मिळून एकशेचाळीस बायका, पण वाफेच्या भट्ट्या चालू असताना या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज एकटीचाच. मागच्या मॅनेजरला तिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "साहेब, चहाची सुट्टी दहा मिनिटांची आणि हात धुवायच्या नळावरची रांग बारा मिनिटांची. मग चहा काय आम्ही स्वप्नात प्यायचा?" त्याच आठवड्यात दुसरा नळ बसला.

पुढे कायद्याप्रमाणे समिती नेमायची वेळ आली. वीसाहून जास्त माणसं कामाला असली की कामगारांची आणि मालकाची सारखी माणसं एका टेबलाशी बसवायची, असं सरकारचं म्हणणं. आमच्याकडे दोन आणि दोन ठरली. महिन्याचा पहिला शुक्रवार, दुपारी तीन वाजता. बायकांनी उनाइसीशिवाय दुसरं नावच घेतलं नाही. पुरुषांकडून बॉयलरवरचा साकिउसा आला. तीस वर्षं बॉयलरशेजारी उभं राहून त्याचे कान कामातून गेले होते, पण माणूस देवमाणूस, आणि सही मोठी झोकदार करायचा.

तीन बैठका झकास झाल्या. नवे हातमोजे आले, संडासाच्या दाराला कडी आली. मग जुना मॅनेजर बदलून गेला आणि राजधानीहून, सुवाच्या बोटीतून, नवा उतरला. उतरला तो कोण? इसिकेली. उनाइसीच्या धाकट्या काकाचा मुलगा.

चुलतभाऊ म्हणजे आमच्याकडे सख्खाच. आणि बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही हो, मान आहे तो. बहिणीनं भावासमोर नजर खाली ठेवायची, भावानं बहिणीच्या वाटेतून बाजूला व्हायचं, सांगायचं काही असलं तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. सुवाकडे आता पोरंपोरी हे मानत नाहीत म्हणतात. आमच्या बेटावर मानतात, आणि उनाइसीच्या घरात तर जरा जास्तच.

ही बातमी कारखान्यात पोचली तेव्हा केलेरा हातातली सुरी खाली ठेवून पोट धरधरून हसली. केलेरा म्हणजे उनाइसीची आतेबहीण. आतेमामे भावंडांचं नातं आमच्याकडे निव्वळ थट्टेचं. त्यांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, कोणी रागवायचं नाही.

"अगं बाई! जिला तोंड म्हणून निवडली तिच्याच तोंडाला कुलूप!" केलेरा म्हणाली. "आता बैठकीत काय करणार गं तू? भुवया उडवणार?"

"गप गं. मुनेश आहे ना मध्ये. त्याच्या तोंडून बोलेन," उनाइसी म्हणाली.

मुनेश हा ऑफिसातला कारकून. बैठकीचं इतिवृत्त तो लिहायचा.

"मुनेश? तो डास मारतानासुद्धा आधी डासाची माफी मागतो!"

सगळं टेबल हसलं, उनाइसीही हसली. खरं तर तिला आतून इतका आनंद झाला होता की दिवसभर तिच्या हाताखालून किती मासे गेले हे तिला कळलंही नाही.

इसिकेलीची आई वारली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि उनाइसी दहा वर्षांची. त्या दिवसापासून ते पोर तिच्या कडेवर. आंघोळ तिनं घालायची, झोपवायचं तिनं, आणि मासा भरवायचा तोही तिनंच. आधी बोटांनी चाचपून एकेक काटा काढायचा, मग घास त्याच्या तोंडात. बारा वर्षांचा झाला, मोठ्या मुलांत गेला, त्या दिवशी काकांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, आजपासून ही तुझी बहीण, हा तुझा भाऊ. म्हणजे काय ते दोघांना कळलं. महिनाभरानं तो शाळेच्या वसतिगृहात गेला. त्याच्या पत्र्याच्या पेटीत उकडलेला तारोचा कंद केळीच्या पानात बांधून ठेवला तिनं, पण 'नीट जा' म्हणायची सोय नव्हती. तो दारातून जमिनीकडे बघत गेला. त्या गोष्टीला आता बत्तीस वर्षं झाली. तिच्या लग्नात त्यानं आहेराच्या चटया पाठवल्या, त्याच्या लग्नात तिनं. तिचा नवरा गेला तेव्हा तो सुवाहून आला, तीन दिवस अंगणात बसून राहिला आणि परत गेला. बोलला एक शब्द नाही. उनाइसीला त्या तीन दिवसांचा मोठा आधार वाटला होता.

तर असा तो भाऊ, आणि पहिला शुक्रवार आला.

बैठकीच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात मुनेशचं स्टूल, वर करकरणारा पंखा. इसिकेलीच्या शेजारी शीतगृहाचे इंजिनियर बसले होते. उनाइसीनं आत येताना नजर पायांवर ठेवली ती तशीच गुडघ्यांवर आणली. पण बाईमाणसाला नजर खाली ठेवूनही पुष्कळ दिसतं. त्याची कॉलर झिजली होती. केस विरळ झाले होते. मधूनच खोकत होता. बायको बघत नाही वाटतं याच्याकडे, असं तिच्या मनात आलं.

इसिकेलीनं कागद काढला. मुख्य कचेरीचं म्हणणं होतं की तासाला अठरा मासे साफ झाले पाहिजेत. जे चौदाच्या पुढे जात नाहीत त्यांना कमी करायचं. त्यानं सात नावं वाचली. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. तिसरं नाव केलेराचं होतं.

नाव ऐकलं तशी उनाइसी खुर्चीत पुढे सरकली. पण तिनं मान वर केली नाही. तिला वाटलं, आत्ता नुसतं वाचतोय, मग मुनेशकरवी विचारेल. नाहीतर केलेराकडे निरोप देईल. बहिणीला काही विचारायचं तर रीत असते ना!

"कामगारांच्या बाजूनं काही म्हणणं?" इसिकेलीनं भिंतीवरच्या घड्याळाला विचारलं.

तो थांबला. बराच थांबला. पंखा करकरत होता. साकिउसा प्रेमळपणे सगळ्यांकडे बघत होता. मुनेश पेनाचं टोपण चावत होता. आणि एकशेचाळीस बायकांचं तोंड मूग गिळून बसलं होतं.

"बरं," इसिकेली म्हणाला आणि पान उलटलं. शेवटी कागद फिरला तेव्हा सगळ्यांनी सह्या केल्या त्याच्याखाली तिनंही केली. बैठकीला हजर होतो एवढ्यापुरती ती सही असते, असं तिला वाटत होतं.

सोमवारी हजेरीच्या यंत्राशेजारच्या फळ्यावर इतिवृत्त लागलं. सात नावं, तीस दिवसांची मुदत, आणि खाली मुनेशच्या वळणदार अक्षरात एक ओळ: कामगार प्रतिनिधींशी विचारविनिमय झाला. त्यांची हरकत नाही.

बायका फळ्यासमोर उभ्या होत्या. कोणी ओरडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उनाइसी आली तशी गर्दीनं तिला वाट करून दिली आणि प्रत्येकीनं आपापली जाळीची टोपी नीट करायला घेतली.

केलेरा टेबलावर तिच्या शेजारीच उभी राहायची. अठ्ठावीस वर्षं. त्या दिवशीही राहिली. तासभर नुसते मासे साफ करत राहिली. मग म्हणाली, "उनाइसीबाई, तो ट्रे जरा इकडे सरकवता का?"

बाई! सरकवता का! चार वर्षांच्या असल्यापासून एकमेकींना म्हशीपासून माकडिणीपर्यंत सगळं म्हणून झालं होतं. कान उपटून झाले होते, नवऱ्यांवरून चिडवून झालं होतं. पण 'बाई' आणि 'तुम्ही' आजवर कधी नव्हतं. उनाइसीनं ट्रे सरकवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि हातमोजे माशानं भरलेले, पुसायचीही सोय नव्हती.

सुट्टीत तिनं मुनेशला गाठलं.

"काय लिहिलंस रे हे? मी कधी म्हटलं हरकत नाही म्हणून?"

"दीदी, हरकत आहे असं तरी कुठे म्हणालात?" मुनेश रडकुंडीला आला. "नमुन्यात दोनच रकाने आहेत. हरकत आहे, हरकत नाही. 'बहीण आहे म्हणून गप्प बसली' असा रकाना नाही हो."

"मग आता जा त्याच्याकडे. सांग, माझी हरकत आहे. या बायकांच्या हातांनी हा कारखाना उभा राहिला म्हणावं. सांग, लाज वाटू दे जरा."

मुनेश गेला आणि पाच मिनिटांत परत आला.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, उनाइसी दीदी नमस्कार सांगतात आणि जमल्यास फेरविचार व्हावा असं त्यांचं नम्र..."

"नम्र? मी नम्र म्हटलं होतं?"

"दीदी, मला दोन मुली आहेत," मुनेश खाली बघत म्हणाला.

त्याला तरी काय बोलणार? उनाइसीनं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि सोडून दिलं.

पाचव्या टेबलावरच्या काही जणी म्हणाल्या, दुसरी प्रतिनिधी निवडू. मुनेशनं नियम काढून बघितला. चौदा दिवस आधी सूचना लावायची, मग अर्ज, मग मतदान, मग नावं सरकारी कचेरीत कळवायची. तोवर सात जणींची मुदत संपून जाणार. जे काय व्हायचं ते पुढच्याच बैठकीत, आणि त्या खुर्चीवर बसायचा हक्क होता फक्त उनाइसीला.

त्या आठवड्याच्या शेवटी केलेरा स्वतःच मॅनेजरच्या खोलीत गेली. तिला कसली आडकाठी? तो तिचा मामेभाऊ. परत आली ती सरळ नळापाशी गेली, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड रडायला लागली. उनाइसी मागोमाग गेली.

"मी त्याला सांगितलं," केलेरा म्हणाली, "अरे, मला काढलंस तर मी तुझ्याच दारात चटई टाकून मरेन. तर हसला. म्हणाला, चटई तरी नवी आण. मी म्हटलं, अरे खरंच सांगतेय, घरात नातवंडं आहेत, गुडघे गेलेत, दुसरं कोण घेणार मला? तर आणखी हसला. म्हणाला, तुझ्या गुडघ्यांना मी लहानपणापासून ओळखतो. मी खरं बोलत होते गं उनाई! खरं! आणि तो हसत होता. आयुष्यभर त्याची थट्टाच केली, आता माझं खरं त्याला ऐकू कुठून येणार?"

ती पुन्हा 'उनाई' म्हणाली हे उनाइसीच्या लक्षात आलं. तिनं केलेराचे हात हातात घेतले. सुजलेले सांधे, पण बोटांची टोकं अजून मऊ.

एकीला बोलता येत नव्हतं, आणि दुसरी बोलली तर खरं वाटत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आमच्या या नात्यागोत्यांनी दोघींना बरोबर कोंडीत धरलं होतं. त्यात भर घालायला तो सरकारी कायदा. तो म्हणतो, बोला! मोठा शहाणा!

पण केलेराची बोटं हातात घेतल्यावर उनाइसीला काहीतरी सुचलं. या सात जणी चौदावर का अडतात? तुकडा साफ झाला तरी त्या त्याच्यावरून एकदा बोट फिरवतात म्हणून. काटा राहिला का बघायला. कोणी सांगितलेलं नाही, सवय आहे. अठरा मासे करणाऱ्या पोरींना तेवढा वेळ कुठे?

दुसऱ्या सोमवारपासून तिनं एक केलं. भरभर चालणाऱ्या टेबलांवरून पास झालेल्या ट्रेंपैकी रोज चार ट्रे ती डब्यांत भरायला जायच्या आधी थांबवायची आणि चहाच्या सुट्टीत केलेरासमोर ठेवायची. केलेरा डोळे मिटून त्यांच्यावरून बोटं फिरवायची. मिळालेला काटा उनाइसी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. पहिल्या दिवशी अकरा. दुसऱ्या दिवशी नऊ. वेगवान पोरी आधी चिडल्या, मग त्यांतलीच एक आपणहून म्हणाली, "मावशी, आमच्या टेबलाचा ट्रे पण घ्या. आमचंही उद्या वय होणार आहे." बैठकीच्या शुक्रवारपर्यंत डबा अर्धा भरला.

पण डबा बोलत नाही. बोलायचं तिलाच होतं.

शुक्रवारी पावणेतीनला तिनं हात तीनदा धुतले. केलेरा दारापर्यंत आली.

"भ्यायलीस?"

"हो."

"भिऊ नकोस. तिथे भाऊ नाही बसलेला. एक टकलू मॅनेजर बसलाय."

"टकलू नाहीये तो अजून," उनाइसी पटकन म्हणाली, आणि दोघींना त्यातही हसू आलं.

खोलीत तीच माणसं, तोच पंखा. इसिकेलीनं मागचं इतिवृत्त वाचायला घेतलं. नजर कागदावर. "कामगार प्रतिनिधींची हरकत नाही" इथवर तो आला.

"मुनेश," उनाइसी गुडघ्यांकडे बघत म्हणाली, "साहेबांना सांग..."

मुनेशनं तिच्याकडे बघितलं. घाबरलेला, ओशाळलेला, दोन मुलींचा बाप. उनाइसीनं त्याला हातानं राहू दे म्हटलं. आणि बत्तीस वर्षं खाली ठेवलेली मान वर केली.

"इसिकेली," ती म्हणाली. "माझी हरकत आहे."

तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं तसं त्याच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. त्यानं वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्याचे डोळे नीट दिसले. तेच डोळे. फक्त आता चष्म्याच्या आत.

तिनं बिस्किटांचा डबा उघडून टेबलावर उपडा केला. पांढरे काटे पसरले. इंजिनियर खुर्ची सरकवून मागे झाले.

"हे अठरावाल्यांच्या पास झालेल्या ट्रेमधले. चौदा दिवसांचे. रोजचे फक्त चार ट्रे. हे तुमच्या डब्यांत जाणार होते. ते डबे कुठे जातात? दुकानांत. तिथून घरांत. लहान मुलं खातात." भट्ट्यांवरून जाणारा आवाज तो, खोलीभर भरला. "आणि हे कोणी काढले? तुझ्या यादीतल्या तिसऱ्या बाईनं. डोळे मिटून."



"तुझी आई गेली तेव्हापासून तुला मासा मी भरवला, इसिकेली. रोज. किती वर्षं ते तुला माहीत आहे. एकदा तरी काटा लागला का?"

इसिकेलीनं पडलेलं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"सांग ना. मी विचारतेय."

"नाही लागला," तो म्हणाला. अगदी हळू.

"का नाही लागला? मी तासाला अठरा घास मोजत नव्हते म्हणून." उनाइसीनं नाक पुसलं. "आता आणखी एक. मागच्या बैठकीत मी गप्प बसले. मुनेशनं त्याला हरकत नाही लिहिलं. त्याचा दोष नाही, त्याला आमची रीत काय ठाऊक? साकिउसाला ऐकू येत नाही. इंजिनियर साहेब परक्या गावचे. मी का गप्प आहे, हे या खोलीत फक्त एका माणसाला कळत होतं. तुला. तुझा मान ठेवला मी. आणि तू त्याचीच होकाराची सही करून घेतलीस."

हे बोलून झालं आणि तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. वाटलं, आता उठावं आणि समुद्रात जाऊन उभं राहावं. भावाला चार माणसांत असं बोलले मी. गावात तोंड कसं दाखवू?

इसिकेलीनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. परत घातला नाही. काट्यांतला एक चिमटीत उचलला. मग म्हणाला, "मला कळत होतं." घड्याळाला नाही, तिला. "कळत होतं, आणि मी थांबलो होतो. तू बोलशील म्हणून नाही. बोलणार नाहीस म्हणूनच थांबलो होतो. वरून दट्ट्या होता. मला ते सोपं पडलं."

मग तो मुनेशकडे वळला. "मागचं इतिवृत्त मंजूर नाही. हरकत आहे, असं लिही. नोटिसा मागे घेतल्या. सात जणींना डब्यांच्या आधी वेगळं टेबल, काटे तपासायला. मुख्य कचेरीला मी कळवतो. डब्यात घालून काटेही पाठवतो."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?" उनाइसीनं विचारलं. खुर्चीवर होती ना ती!

"तर पुढच्या बैठकीत मला फाडून खा," इसिकेली म्हणाला.

काय झालं ते साकिउसाला नीट कळलं नव्हतं, पण दोघांच्या डोळ्यांत पाणी बघून तोही डोळे पुसत होता. त्यानं दुप्पट झोकदार सही केली.

शनिवारी सकाळी उनाइसीनं मानाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळ्यांची जुडी कागदात गुंडाळली आणि मॅनेजरच्या घराकडे निघाली. चूक झाली की मुळ्या नेऊन पुढ्यात ठेवायच्या, माफी मागायची. कारखान्यातलं बोलणं बरोबरच होतं, तिला त्याचा पस्तावा नव्हता. पण घरातली रीत मोडली होती, ती सांधायला नको? सोबत केलेरा होती, तिच्याऐवजी चार शब्द बोलायला.

चर्चच्या वळणावर समोरून इसिकेली येत होता. त्याच्याही काखेत जुडी.

दोघं थांबले. दोघांनी नजर खाली टाकली. मग इसिकेली तिथेच रस्त्याकडेच्या गवतात मांडी घालून बसला, आणि ते बघून उनाइसीही पलीकडच्या बाजूला बसली. दोन्ही जुड्या मध्ये. कोणी काही बोलेना.

"वा!" केलेरा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "काल कारखान्यात कसं पोपटासारखं बोलत होता दोघं! अहो मॅनेजर, ही म्हणते चुकलं. अगं उनाई, हा म्हणतो माझंच जास्त चुकलं. आता उचला एकमेकांच्या जुड्या आणि उठा, मुंग्या चावतायत मला."

त्यानं तिची जुडी उचलली, तिनं त्याची. तो बाजूला झाला, ती पुढे गेली. बोलणं पुन्हा बंद झालं, आणि ते बंद झालं याचं तिला बरंही वाटलं आणि वाईटही.

मुख्य कचेरीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. वेगळं टेबल मंजूर होतं.

पुढचा पहिला शुक्रवार. बैठकीत फार काही नव्हतं. गमबूट घसरतात. चहाच्या भांड्याला गळती आहे. उनाइसी बोलत होती, इसिकेली उत्तरं देत होता, अगदी सरळ, खुर्चीतून खुर्चीत. खोलीच्या बाहेर दोघांनाही हे जमलं नसतं, आणि जमवायचंही नव्हतं. पण या टेबलाशी बसायला त्यांना कायद्यानंच सांगितलं होतं, त्याला ती दोघं काय करणार?

साडेतीन वाजले. मुनेशनं शेवटची ओळ वाचली, "आयत्या वेळचे विषय." आजवर या ओळीपुढे 'नाही' लिहून त्यानं वही मिटली होती. आताही तो मिटायलाच निघाला होता.

"एक आहे," इसिकेली म्हणाला.

मुनेशनं वही पुन्हा उघडली. तो पेनशी चाळा करत होता. कारखान्याचा मॅनेजर, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस.

"माझी आई," तो म्हणाला. "ती कशी होती, ते मला कोणी सांगितलं नाही. बाबा तिचं नाव निघालं की उठून जायचे. फोटो नाही. ज्या एका माणसाला आठवत असेल, त्याला मला विचारता येत नव्हतं." त्यानं वर बघितलं. "उनाई, ती कशी होती?"

मुनेशनं पेन उचललं. "हे... हे लिहायचं का साहेब?"

उनाइसीनं पदराच्या टोकासारखं एप्रनचं टोक मुठीत धरलं होतं. तिनं तोंड उघडलं तेव्हा आवाज स्वच्छ निघाला.

"ठेंगणी होती," ती म्हणाली. "आणि हसायची तेव्हा आधी तोंडावर हात ठेवायची, पुढचा एक दात नव्हता ना तिला. तुला पाण्यात घेऊन जायची, गळ्याइतक्या, आणि सगळं गाव किनाऱ्यावरून ओरडायचं. तू मात्र रडायचा नाहीस. आणि तिचे हात, इसिकेली..."

इंजिनियर आवाज न करता उठले आणि जाऊन पंखा बंद करून आले, करकर नको म्हणून. साकिउसानं खुर्ची जवळ ओढली आणि कानामागे हात धरला. बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला तरी उनाइसी सांगतच होती.

सोमवारी फळ्यावर इतिवृत्त लागलं. गमबूट, चहाचं भांडं, आणि सगळ्यात खाली मुनेशच्या वळणदार अक्षरात: आयत्या वेळचा विषय, एक. सविस्तर चर्चा झाली. कोणाचीही हरकत नाही.